सेकंडहँड गाडी घेतलीत? आधी केबिन फिल्टर उघडून बघा

परदेशात आल्यावर बहुतेकांची पहिली गाडी सेकंडहँडच असते. विमा, टायर, ब्रेक सगळं तपासून होतं. डॅशबोर्डमागचा केबिन फिल्टर मात्र कुणी उघडून पाहत नाही. आधीच्या मालकाने तो शेवटचा कधी बदलला, हे सहसा कुठे लिहिलेलंही नसतं. म्हणून गाडी ताब्यात आली की पहिल्याच आठवड्यात तो बदलून टाका. बऱ्याच गाड्यांत हे दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे आणि ते घरच्या घरी होतं.

गाडीत एअर फिल्टर दोन असतात. एक बॉनेटखाली काळ्या डब्यात. तो इंजिनात जाणारी हवा गाळतो. दुसरा केबिन फिल्टर, तुमच्या श्वासात येणारी हवा गाळणारा. ऑइल बदलायला गेल्यावर ‘एअर फिल्टर खराब झालाय’ असं कुणी म्हटलं, तर कुठला ते विचारा आणि काढून दाखवायला सांगा. विचारण्यात काहीच गैर नाही.

जिथे थंडी कडक असते, तिथे या फिल्टरकडे दुर्लक्ष करणं धोक्याचं आहे. तो कोंदला की ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवूनही काचेवर पुरेशी हवा पोचत नाही, आतून धरलेली वाफ हटत नाही आणि समोरचं दिसेनासं होतं. अशा वेळी रीसर्क्युलेशनचं (आतलीच हवा पुन्हा फिरवण्याचं) बटणही बंद असू द्या, नाहीतर श्वासातला ओलावा आतल्या आत फिरत राहतो. हीटरसोबत एसी चालू ठेवला तर काच लवकर स्वच्छ होते, कारण एसी हवेतला ओलावा काढून घेतो.

फिल्टर घेताना गाडीचं नाव आणि वर्ष एवढ्यावर विसंबू नका. त्याच नावाचं मॉडेल मायदेशात चालवलं असलं तरी पार्ट तोच असेल असं नाही. १७ अंक-अक्षरांचा चेसिस नंबर टाकून शोधा, आणि जुना फिल्टर आधी काढून त्याची लांबी, रुंदी, जाडी मोजून घ्या. पांढरा साधा फिल्टर धूळ आणि परागकण अडवतो. करड्या-काळ्या रंगाचा कार्बनवाला धूर आणि वासही बऱ्यापैकी कमी करतो. रोज गर्दीच्या रस्त्यावरून जाणं असेल तर तोच घ्यावा. हेपा धर्तीचे (अगदी बारीक कण अडवणारे) फिल्टर जास्त दाट असतात. गाडी मुळात त्यासाठी बनवलेली नसेल, तर त्यांनी हवेचा जोर कमी होऊ शकतो.

जागा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. बहुतेक गाड्यांत फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, काहींत विंडशील्डच्या बुडाशी वायपरजवळच्या जाळीखाली, तर काहींत पायांजवळ मधल्या कन्सोलच्या बाजूला. व्हिडिओ बघून करणार असाल तर त्यातली गाडी तुमच्यासारख्याच बाजूच्या स्टिअरिंगची आहे ना, हे आधी बघा. स्टिअरिंग बदललं की सगळी मांडणी आरशातल्यासारखी उलटी होऊ शकते आणि माणूस नसलेली क्लिप शोधत बसतो.

ग्लोव्ह बॉक्सचा प्रकार सविस्तर सांगते, कारण बहुतेकांना तोच लागेल. गाडी बंद करा, बॉक्स पूर्ण रिकामा करा. बॉक्सच्या एका बाजूला बारीक दांडी किंवा दोरी असते. तिच्यामुळे झाकण हळू उघडतं. तिचं टोक एका खुंटीत अडकवलेलं असतं. ते ओढायचं नाही, खुंटीवरून बाजूला सरकवून काढायचं. मग बॉक्सच्या दोन्ही भिंती तळव्यांनी आत दाबा, म्हणजे अडकण सुटतं आणि बॉक्स पूर्ण खाली झुकतो. काही गाड्यांत त्याऐवजी स्क्रू असतात. कडाक्याच्या थंडीत प्लास्टिक ठिसूळ होतं आणि क्लिपा तुटतात, तेव्हा आधी हीटर लावून गाडी थोडी गरम करून घ्या. मागे पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले तर त्यांना हात लावू नका, ते एअरबॅगचे असतात.

आता वीतभर लांबीचं एक आडवं झाकण दिसेल. दोन्ही टोकांच्या क्लिपा दाबून ते काढा. खाली वर्तमानपत्र पसरा आणि जुना फिल्टर आडवाच, सावकाश बाहेर ओढा. तिरका केला की वरची पानं-काड्या थेट ब्लोअरच्या पंख्यात पडतात. फिल्टर बाहेर असताना ब्लोअर चालू करायचा नाही, तोही याच कारणासाठी. खाचेतला कचरा व्हॅक्युमने ओढून घ्या.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या बाणाच्या. चौकटीवर ‘एअर फ्लो’ लिहिलेला बाण म्हणजे हवा जाण्याची दिशा. ग्लोव्ह बॉक्समागच्या फिल्टरमध्ये ती बहुधा वरून खाली असते. नुसतं ‘अप’ लिहिलेलं असेल, तर तो बाण वर ठेवायचा. दोन्हींची गल्लत केली की फिल्टर उलटा बसतो. जुन्याच्या बाणावर डोळे झाकून जाऊ नका, तोही कुणी उलटा बसवलेला असू शकतो. त्याची जास्त मळलेली बाजू बघा: हवा तिथून आत शिरते. नव्या फिल्टरचा ‘एअर फ्लो’चा बाण मळक्या बाजूकडून स्वच्छ बाजूकडे जायला हवा.

नवा फिल्टर जोर न लावता सरकला पाहिजे. चौकट दुमडली किंवा कडेची फोमची पट्टी गुंडाळली गेली, तर फटीतून हवा न गाळताच आत येते. अडत असेल तर काढून माप पुन्हा ताडून बघा. काही गाड्यांत दोन तुकडे असतात: पहिला आत सरकवून वर किंवा खाली ढकलायचा, मग दुसरा घालायचा. शेवटी झाकणाच्या दोन्ही क्लिपा ‘टक्’ वाजल्या का ते ऐका.

सगळं जोडल्यावर ब्लोअर सगळ्यात कमी वेगापासून वाढवत न्या. शिट्टीसारखा आवाज आला तर झाकण नीट बसलेलं नाही. टकटक आली तर पंख्यात पान किंवा काडी अडकली आहे.

काही तक्रारी नव्या फिल्टरने जात नाहीत. कुबट वास राहिला तर बुरशी बहुधा एसीच्या इव्हॅपोरेटरवर (हवा थंड करणाऱ्या भागावर) आहे, तो साफ करून घ्यावा लागतो. ब्लोअर फक्त शेवटच्या वेगावर चालत असेल तर दोष बहुधा रेझिस्टरचा, म्हणजे ब्लोअरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या भागाचा. गोडसर वास येऊन काचेवर आतून चिकट थर धरत असेल तर हीटरमधून कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) गळत असण्याची शक्यता आहे; तेव्हा थेट मेकॅनिककडे जा. जुना फिल्टर ओला निघाला तर वायपरखालच्या जाळीत पानं साचून पाण्याची वाट बंद झाली आहे का, ते बघा.

गाडी उघड्यावर राहत असेल तर फिल्टरवर उंदराचं घरटंही सापडतं. ते फुंकू नका, व्हॅक्युमही लावू नका. मास्क आणि हातमोजे घाला, जंतुनाशकाने ओलं करा आणि पिशवीत बंद करून टाका.

कागदी फिल्टर धुऊन किंवा हवा मारून पुन्हा वापरू नका. पाण्याने त्याचा बारीक कण धरून ठेवणारा विद्युतभार जातो, आणि वास शोषून भरलेला कार्बन धुण्याने मोकळा होत नाही. मॅन्युअलमध्ये काही वेगळं नसेल तर वर्षातून एकदा किंवा २०–२५ हजार किलोमीटरला बदला; मीटर मैलात असेल तर १५ हजार मैल धरा. रस्ता धुळीचा असेल किंवा वणव्याचा धूर येत असेल तर त्याआधीच. बसवण्यापूर्वी चौकटीच्या बाहेरच्या कडेला मार्करने तारीख आणि मीटरचा आकडा लिहा, म्हणजे पुढच्या वेळी झाकण उघडताच दिसेल.