चित्रकाराने पीएच.डी. करताना स्टुडिओ कसा सांभाळावा

मुंबईत दहा-पंधरा वर्षे चित्र, शिल्प किंवा मुद्राचित्रण (ठशावरून छाप काढण्याची कला) केल्यानंतर अनेक कलाकार पीएच.डी.कडे वळतात. कुणाला अध्यापनासाठी ती पदवी हवी असते, कुणाला आपल्या कामात पुन्हा पुन्हा समोर येणारी अडचण मुळापासून समजून घ्यायची असते. हेतू कोणताही असला, तरी संशोधनाचा प्रश्न हातातल्या कामातूनच उचलावा, असे मी आग्रहाने सांगेन.

लिथोग्राफीचे, म्हणजे दगडावर चित्र काढून त्यावरून कागदावर छाप घेण्याच्या तंत्राचे, उदाहरण घेऊ. राजा रविवर्मा यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला. त्या छापखान्याचा इतिहास हा इतिहासकारासाठी उत्तम विषय आहे. मात्र स्वतः दगडावर काम करणाऱ्या मुद्राचित्रकाराला तो काही वर्षे दगडापासून दूरच ठेवील. त्याऐवजी, प्रत्येक रंगाचा वेगळा दगड वापरून एकावर एक चढवलेल्या थरांतून त्वचेचा भास कसा निर्माण होतो आणि थरांचा क्रम बदलल्यास तो कोठे मोडतो, असा प्रश्न घेतला, तर जुने छाप भिंगाखाली पाहणे आणि नवे छाप काढणे ही दोन्ही कामे एकमेकांना उत्तरे देऊ लागतात. अशा अभ्यासामुळे हात काही काळ मंदावतो. त्याने घाबरून जाऊ नये.

प्रस्ताव लिहिण्यापूर्वी ब्रिटिश कलाशिक्षणतज्ज्ञ क्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी 1993 मध्ये मांडलेला भेद समजून घ्यावा: कलेविषयीचे संशोधन, कलेच्या माध्यमातून होणारे संशोधन आणि कलेसाठीचे संशोधन. आपल्या कलाकृती प्रबंधाचा तपासण्याजोगा भाग असणार आहेत की केवळ सोबतची चित्रे, हे त्यावरून ठरते. सर्व विद्यापीठे कलाकृतींना प्रबंधाचा भाग मानत नाहीत, म्हणून प्रवेशापूर्वीच याचे उत्तर लेखी मागावे.

त्यानंतर कामाची वही सुरू करावी, आणि ती रोज लिहावी. तीत भावना कमी आणि निर्णय जास्त असावेत: कोणता कागद, किती डिंक, कोणता रंग आधी, काय बिघडले. मुंबईच्या पावसाळ्यात कागद दमट होऊन फुगतो आणि दुसऱ्या रंगाची जुळणी सरकते; अशा दिवशी हवेतील आर्द्रतेची नोंद नसेल, तर दोष दगडाचा की हवेचा हे सहा महिन्यांनी सांगता येत नाही. फसलेले छाप फाडू नयेत. तारीख घालून ठेवावेत. एरवी नकळत घेतलेला निर्णय शब्दांत पकडता येणे हीच डॉक्टरेटची कलाकाराला मिळणारी सर्वांत मोठी देणगी आहे, असे मला मनापासून वाटते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी किमान 3 आणि साधारणपणे कमाल 6 वर्षे असतात, कोर्सवर्कचे किमान 12 श्रेयांक (क्रेडिट) पूर्ण करावे लागतात आणि अर्धवेळ नोंदणीचीही सोय आहे. प्रत्येक सत्रात सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. तेथे लेखनासोबत ताजे कामही न्यावे, कच्चे असले तरी.

वाचनाचे दिवस आणि स्टुडिओचे दिवस वेगळे ठेवावेत. एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय, भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, फोर्टमधील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय येथे जाताना वहीतला एकच प्रश्न घेऊन जावे. सिद्धान्त वाचून लगेच त्याला साजेसे चित्र काढण्याचा मोह फार होतो आणि त्यातून होणारे काम बहुधा निर्जीव निघते; वाचलेले थोडे मुरू द्यावे.

शेवटी छायाचित्रांकडे लक्ष द्यावे. प्रबंध शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर सर्वांसाठी खुला होतो, तेव्हा प्रत्येक कलाकृती एकाच प्रकाशात, मोजपट्टीसह टिपलेली असावी आणि इतरांच्या कलाकृतींच्या छायाचित्रांसाठी संग्रहालयांची लेखी परवानगी पहिल्या वर्षापासूनच गोळा करत जावी.