घरी बांधलेल्या हलक्या विमानासाठी मोटारीचे इंजिन निवडताना

हलक्या विमानाला मोटारीचे इंजिन बसवण्याची परंपरा जवळजवळ शंभर वर्षांची आहे. अमेरिकेतील हौशी विमान बांधणारे बर्नार्ड पीटनपोल यांनी १९२९ साली आपल्या एअर कँपर विमानाला फोर्ड मॉडेल ए मोटारीचे इंजिन लावले, आणि पुढे १९६० मध्ये त्याच जातीच्या विमानावर शेव्हरोले कॉर्व्हेअर मोटारीचे इंजिन उडवून दाखवले. त्यानंतर फोक्सवॅगन, सुबारू, सुझुकी, होंडा आणि माझदाची इंजिने अनेक हौशी विमानांवर उडाली. या दीर्घ अनुभवातून एक गोष्ट ठळकपणे दिसते, आणि निवडीचा सारा विचार तिच्यापासून सुरू व्हायला हवा : इंजिनाचा मूळ ठोकळा, त्यातले पिस्टन आणि झडपा क्वचितच दगा देतात, दगा देतात ते त्याच्याभोवती बांधणाऱ्याने स्वतः जोडलेले भाग, म्हणजे रिडक्शन ड्राइव्ह (इंजिनाचे फेरे कमी करून प्रोपेलरला देणारी यंत्रणा), पाण्याच्या नळ्या, इंधनाची व्यवस्था आणि वायरिंग. म्हणून निवडायचे असते ते प्रोपेलरच्या टोकापासून बॅटरीपर्यंतचे संपूर्ण जुळवलेले यंत्र. नुसते इंजिन निवडून भागत नाही.

हा विचार इंजिनाच्या बाजूने न करता विमानाच्या बाजूने करावा. विमानाच्या आराखड्यात किमान व कमाल अश्वशक्ती आणि फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिटमधील आगरोधक भिंतीच्या) पुढचे अनुज्ञेय वजन दिलेले असते. त्या मर्यादा ओलांडणारे इंजिन कितीही आवडले तरी बाजूला ठेवावे, कारण नाक जड झाल्यामुळे गुरुत्वमध्य पुढे सरकला की उतरताना नाक वर उचलण्यासाठी एलिव्हेटर (शेपटीवरचा नाक वर-खाली करणारा पृष्ठभाग) अपुरा पडतो, आणि शेपटीत शिसे भरून साधलेला तोल विमानाची वजन वाहण्याची क्षमता खाऊन टाकतो.

दुसरी मर्यादा प्रोपेलरची आहे. प्रोपेलरच्या टोकाचा वेग ध्वनीच्या वेगाजवळ गेला की कार्यक्षमता झपाट्याने घसरते आणि आवाज असह्य होतो. साधारण तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर असतो, आणि टोकाचा वेग २७० मीटरच्या आत राहिलेला बरा. १.७ मीटर व्यासाचा प्रोपेलर मिनिटाला २७०० फेरे घेत असेल, तर टोकाचा वेग सुमारे २४० मीटर येतो, म्हणजे ठीक आहे. हाच प्रोपेलर ५५०० फेऱ्यांनी फिरवला तर तो ४९० मीटर होतो, म्हणजे ध्वनीच्याही पुढे जातो. मोटारीच्या इंजिनाची खरी अडचण येथे आहे. कॉन्टिनेंटल ओ-२०० हे विमानाचे इंजिन जवळजवळ ३.३ लिटर क्षमतेतून २७५० फेऱ्यांना १०० अश्वशक्ती देते. छोट्या मोटारीचे दीड लिटरच्या आतले इंजिन तेवढीच शक्ती देते खरे, पण ६००० फेऱ्यांच्या आसपास.

शक्तीचा जाहिरातीतला आकडा वाचताना आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. सपाट रस्त्यावर वेगाने धावणारी मोटारसुद्धा आपल्या कमाल शक्तीचा लहानसा भागच वापरते आणि पूर्ण शक्ती फार तर काही सेकंद मागते. विमान मात्र चढताना कित्येक मिनिटे पूर्ण शक्ती वापरते आणि नंतर तासन् तास ६५ ते ७५ टक्के शक्तीवर चालते. त्यामुळे इंजिनाचे पॉवर व टॉर्कचे (पीळबलाचे) आलेख मिळवावेत, कमाल फेऱ्यांच्या बरीच खाली स्वतःची मर्यादा आखावी आणि त्या बिंदूवरची शक्ती हीच आपली शक्ती मानावी. उदाहरणार्थ, ६००० फेऱ्यांना ११० अश्वशक्ती देणाऱ्या इंजिनातून ४८०० फेऱ्यांना ८५ अश्वशक्ती मिळत असेल, तर त्याची गणना ८५ मध्ये करावी. दोनास एक या प्रमाणाचे रिडक्शन लावले की प्रोपेलर २४०० फेऱ्यांनी फिरेल, आणि त्याला १.७५ मीटर व्यास देऊनही टोकाचा वेग २२० मीटरच राहील.

कमी शक्तीसाठी प्रोपेलर थेट क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर, बसवणे हा सर्वांत साधा मार्ग आहे. हवेने थंड होणारे फोक्सवॅगनचे चार सिलिंडरचे इंजिन या पद्धतीने सर्वाधिक वापरले गेले. क्षमता २१०० घन सेंटिमीटरच्या थोडी पुढे नेली की ते ३४०० फेऱ्यांच्या आसपास टेकऑफसाठी ७५ ते ८० अश्वशक्ती देते. पण त्याच्या सिलिंडर हेडना ती उष्णता सतत बाहेर टाकता येत नाही, त्यामुळे सलग वापरण्याची शक्ती त्याहून बरीच कमी धरावी लागते. शिवाय एवढ्या फेऱ्यांना प्रोपेलर लहान ठेवावा लागतो, आणि लहान प्रोपेलर मंद, जास्त ओढ (हवेचा विरोध) असलेल्या विमानाला नीट खेचत नाही. कॉर्व्हेअरचे २.७ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन जास्त गुळगुळीत चालते आणि १०० अश्वशक्तीच्या घरात जाते. मात्र मोटारीचा क्रँकशाफ्ट प्रोपेलरचे वाकवणारे आणि जायरोस्कोपिक (फिरत्या वस्तूची दिशा बदलताना येणारे) भार सोसण्यासाठी घडवलेला नसतो. वेगवान विमानांवर काही कॉर्व्हेअर क्रँकशाफ्ट धातूच्या फटीगमुळे (पुन्हा पुन्हा भार पडून येणाऱ्या थकव्यामुळे) तुटले, आणि त्यानंतर प्रोपेलरच्या बाजूला पाचवे बेअरिंग जोडण्याची पद्धत रूढ झाली. थेट जोडणी निवडणाऱ्याने प्रोपेलर हलका, शक्यतो लाकडी ठेवावा. जड धातूच्या प्रोपेलरचा विचार येथे करूच नये.

इतर बहुतेक इंजिनांना रिडक्शन ड्राइव्ह लागतो, आणि माझ्या मते इंजिनापेक्षाही जास्त वेळ त्याच्या निवडीवर घालवावा. पट्ट्याचा ड्राइव्ह हलका आणि तपासायला सोपा असतो, प्रोपेलरची फिरण्याची दिशा बदलत नाही आणि थोडे धक्के स्वतः गिळतो; पण पट्ट्याच्या ताणाचा भार बेअरिंगवर सतत पडत राहतो. गिअरची एक साधी जोडी दिशा उलटवते, म्हणून प्रोपेलर त्या दिशेचाच घ्यावा लागतो. हे फरक कोणालाही दिसतात. न दिसणारा धोका आहे तो पिळाच्या कंपनांचा, ज्याला टॉर्शनल व्हायब्रेशन म्हणतात.

चार सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेऱ्यात शक्तीचे दोन ठोके देते, म्हणजे ३००० फेऱ्यांना सेकंदाला १०० ठोके. एका टोकाला फ्लायव्हील (फेरे एकसारखे ठेवणारे जड चाक), दुसऱ्या टोकाला जड जडत्वाचा प्रोपेलर आणि मध्ये थोडासा लवचीक शाफ्ट अशी ही रचना असते, आणि तिची स्वतःची एक नैसर्गिक कंपनसंख्या असते. इंजिनाचे ठोके त्या संख्येशी जुळले की अनुनाद होतो, आणि शाफ्टमधला पीळ इंजिनाच्या सरासरी टॉर्कच्या कितीतरी पट वाढतो. वैमानिकाला बसल्या जागी काहीही जाणवत नाही. गिअरचे दात, स्प्लाइन (शाफ्टवरच्या जोडणीच्या खाचा) किंवा शाफ्ट मात्र काही तासांत तुटू शकतात. यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे ड्राइव्हमध्ये रबराचे मऊ कपलिंग घालून ही कंपनसंख्या आयडलच्या (इंजिनाच्या सर्वांत मंद फेऱ्यांच्या) खाली आणणे, जेणेकरून इंजिन सुरू होताना क्षणभरच ती ओलांडली जाईल. म्हणूनच वजन वाचवण्यासाठी फ्लायव्हील काढून टाकणे, दुसऱ्या वजनाचा प्रोपेलर लावणे किंवा चार सिलिंडरच्या इंजिनासाठी बनवलेला ड्राइव्ह तीन सिलिंडरच्या इंजिनावर चढवणे हे बदल दिसायला किरकोळ असले तरी प्रत्यक्षात नवे यंत्र निर्माण करतात. ड्राइव्ह विकणाऱ्याला विचारावे, की याच इंजिनावर, याच फ्लायव्हीलसह, याच प्रोपेलरसह तो किती तास उडाला आहे आणि कंपने मोजली आहेत का. समाधानकारक उत्तर नसेल तर तो ड्राइव्ह घेऊ नये. प्रमाणित इंजिनेही यातून सुटलेली नाहीत : मर्सिडीझच्या मोटारीच्या डिझेल इंजिनापासून बनवलेल्या थीलर्ट कंपनीच्या १.७ लिटर इंजिनाला २००२ साली विमानासाठी प्रमाणपत्र मिळाले, पण त्याचा गिअरबॉक्स दर ३०० तासांनी बदलावा लागत असे.

वजनाचा हिशेब ठोकळ्याच्या वजनावर कधीही करू नये. रिडक्शन ड्राइव्ह, रेडिएटर, पाणी, नळ्या, एक्झॉस्ट, इंजिन माउंट, स्टार्टर, अल्टरनेटर, दुसरी बॅटरी, दोन इंधन पंप या सर्वांसह आकडा मांडावा, आणि शक्य असेल तर उडणाऱ्या एखाद्या विमानाचे प्रत्यक्ष वजनपत्रक पाहावे. तुलनेसाठी, १०० अश्वशक्तीचे रोटॅक्स ९१२ हे विमानाचे इंजिन गिअरबॉक्ससह ६० किलोंच्या आसपास बसते. लोखंडी ठोकळ्याचे मोटार इंजिन या तुलनेत टिकत नाही, म्हणून ॲल्युमिनियमचा ठोकळा ही जवळजवळ अटच समजावी.

पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात शाफ्टला जेवढी शक्ती मिळते, जवळजवळ तेवढीच उष्णता पाण्यात जाते. ६० किलोवॉट शक्ती घेताना पन्नाससाठ किलोवॉट उष्णता रेडिएटरमधून बाहेर काढायची असते, आणि सर्वांत कठीण वेळ असते ती चढण्याची, जेव्हा शक्ती पूर्ण पण हवेचा वेग कमी असतो. अशा वेळी मोठा रेडिएटर वाऱ्यात उभा करणे हा उपाय नव्हे; त्याने ओढ वाढते आणि थंडावा फारसा वाढत नाही. हवा लहान तोंडातून आत घ्यावी, डक्ट (हवेची बंदिस्त वाट) हळूहळू रुंद करून तिचा वेग कमी व दाब जास्त करावा, कडा पूर्ण बंद करून सगळी हवा रेडिएटरच्या जाळीतूनच जाईल असे पाहावे आणि मग ती विमानाच्या कमी दाबाच्या भागात सोडावी. बाहेर पडण्याची वाट पुरेशी मोठी नसल्यामुळे अपयशी ठरणारी जोडणी फार सामान्य आहे. पाण्याची टाकी संपूर्ण व्यवस्थेतील सर्वांत उंच जागी असावी, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकणार नाहीत. तापमापकाबरोबर पाण्याच्या दाबाचा किंवा पातळीचा इशाराही लावावा, कारण पाणी निघून गेल्यावर तापमापकाचे टोक कोरडे पडते आणि इंजिन जळत असताना तो दिलासादायक आकडा दाखवू शकतो. माझदाचे १३बी रोटरी इंजिन लहान, गुळगुळीत आणि झडपांविना असते, पण त्याचा एक्झॉस्ट अतिशय गरम असतो आणि उष्णतेचा मोठा वाटा तेलातून काढावा लागतो, त्यामुळे त्याच्या ऑइल कूलरकडे रेडिएटरइतकेच लक्ष द्यावे.

विमानाच्या पारंपरिक इंजिनात दोन मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज देणारी यंत्रे) स्वतःची वीज स्वतः तयार करतात. मोटारीचे इंजेक्शनचे इंजिन मात्र वीज गेली की थांबते. पंप, इंजेक्टर, कॉइल आणि ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) मिळून दहा ते पंधरा अँपियर घेतात. १८ अँपियर-तासांच्या बॅटरीतून त्यातले ६५ टक्के वापरता आले आणि भार १२ अँपियर असला, तर अल्टरनेटर बंद पडल्यावर हातात सुमारे एक तास उरतो, तोही बॅटरी नवी व भरलेली असेल तर. म्हणून दोन बॅटऱ्या, दोन स्वतंत्र पंप आणि इंजिनाला वीज पोहोचवण्याचे दोन स्वतंत्र मार्ग ठेवावेत. मूळ मोटारीचा ईसीयू शक्यतो वापरू नये. गिअरबॉक्स, चाके किंवा इमोबिलायझरकडून (चोरीरोधक यंत्रणेकडून) येणारे संकेत मिळाले नाहीत की तो इंजिनाची शक्ती मर्यादित करू शकतो, आणि रस्त्यावर समजूतदार वाटणारा हा निर्णय झाडांच्या उंचीवर प्राणघातक ठरतो. शिसे असलेले विमान इंधन ऑक्सिजन सेन्सर लवकर निकामी करते, त्यामुळे इंधनाचे प्रमाण त्या सेन्सरवर अवलंबून ठेवू नये. थ्रॉटल केबलने चालणारा असावा, आणि केबल तुटल्यास स्प्रिंगने तो उघडा राहील अशी रचना असावी; मोटारीत ती नेमकी उलट असते.

प्रत्यक्ष इंजिन हाती घेताना मैलाच्या आकड्यापेक्षा देखभालीचा इतिहास महत्त्वाचा मानावा. टायमिंगचा पट्टा असेल तर तो तुटल्यावर पिस्टन झडपांवर आदळतात का, हे त्या इंजिनाच्या माहितीपुस्तकातून पाहून घ्यावे. तसे होत असेल तर साखळीचे इंजिन पसंत करावे. ऑइल पॅनचा आकार आणि पंपाच्या तोंडाची जागा विमानाच्या चढत्या-उतरत्या स्थितीत पंपाला तेलाविना राहू देणार नाही, याची खात्री करावी. दोन पर्याय सारखे वाटले तर जे इंजिन आपल्यासारख्याच विमानावर, त्याच ड्राइव्हसह जास्त तास उडाले आहे ते घ्यावे, मग ते दहा अश्वशक्तीने कमी असले तरी चालेल. सगळे स्वतः नव्याने घडवण्याची ज्याची तयारी आणि आवड आहे, त्यानेच अनोळखी इंजिन निवडावे. केवळ पैसे वाचवण्यासाठी या वाटेला जाणाऱ्याने ड्राइव्ह, रेडिएटर, डक्ट, ईसीयू आणि चाचण्यांचा खर्च व वेळ विमानाच्या वापरलेल्या इंजिनाच्या किमतीशेजारी लिहून पाहावा; अनेकदा फरक फारसा उरत नाही. आपल्या देशाच्या विमान वाहतूक प्राधिकरणाचे नियमही खरेदीपूर्वीच वाचावेत, कारण अप्रमाणित इंजिन व प्रोपेलरच्या जोडीसाठी चाचणी उड्डाणांचे तास बहुधा जास्त मागितले जातात.

जोडणी पूर्ण झाल्यावर विमान उड्डाणाला नेण्याआधी शेपूट घट्ट बांधून, नाक चढण्याच्या कोनात ठेवून इंधनाचा प्रवाह मोजावा. तो पूर्ण शक्तीच्या गरजेच्या किमान सव्वापट असावा, आणि पंपाशिवाय केवळ गुरुत्वाकर्षणाने इंधन येत असेल तर दीडपट. गरम दिवशी, इंजिन तापवून थोडा वेळ बंद ठेवून, पुन्हा सुरू करून हीच चाचणी करावी, म्हणजे नळ्यांत इंधनाची वाफ अडकते का ते कळेल. इंजेक्शनच्या व्यवस्थेत टाकीकडे परत जाणारी नळी ठेवली तर हा धोका बराच कमी होतो. त्यानंतर पूर्ण शक्तीवर, पुढे सलग चढण्याच्या शक्तीवर, वेगवेगळ्या दिवशी इंजिन चालवावे. प्रत्येक वेळी तेल गाळून त्यातले धातूचे कण पाहावेत, ड्राइव्हचे बोल्ट आणि माउंटचे वेल्ड तपासावेत आणि आकडे वहीत लिहावेत. अल्टरनेटर मुद्दाम बंद करून बॅटरीवर इंजिन किती वेळ चालते, तेही याच वेळी घड्याळ लावून मोजावे, आणि हिशेबातल्या वेळेपेक्षा ते कमी भरले तर आधी वीजव्यवस्था सुधारावी.