पिलर डिझाइनचं सॉफ्टवेअर शिकताय? आधी एक पिलर वहीत सोडवा

भूमिगत कोळसा खाणीत छत तोलून धरायला कोळशाचे खांब सोडतात, तेच पिलर. अशा खाणीत नव्याने रुजू झालेल्या इंजिनिअरच्या हाती सॉफ्टवेअर लवकर येतं आणि बटण दाबलं की उत्तरही येतं. ते उत्तर पटण्याजोगं आहे का, हे कळायला आधी हाताने गणित करायला हवं.

आपल्याकडे सीएमआरआयचं (केंद्रीय खाण संशोधन संस्थेचं) सूत्र वापरतात. कोळशाच्या 25 मिमी घनाच्या दाबशक्तीला 0.27 ने गुणा आणि उंचीच्या 0.36 व्या घाताने भागा. त्यात (खोली ÷ 250 + 1) × (रुंदी ÷ उंची − 1) मिळवा. ही झाली पिलरची ताकद, मेगापास्कलमध्ये. चौरस पिलरवरचा भार म्हणजे 0.025 × खोली × (सेंटर-टू-सेंटर अंतर, म्हणजे शेजारच्या दोन पिलरच्या मध्यांमधलं अंतर, ÷ रुंदी) चा वर्ग.

खोली 150 मीटर, गॅलरी (दोन पिलरमधला बोगदा) 4.8 मीटर रुंद, उंची 3, सेंटर-टू-सेंटर 25.5 मीटर आणि दाबशक्ती 25 मेगापास्कल धरा. पिलरची रुंदी 20.7 मीटर, ताकद 13.99, भार 5.69, सेफ्टी फॅक्टर (ताकद ÷ भार) 2.46.

घोटाळा इथेच होतो. प्लॅनवर 25.5 दिसतं आणि तेच रुंदीच्या रकान्यात टाकलं जातं. सॉफ्टवेअर त्यात गॅलरी वेगळी मिळवतं, तक्रार करत नाही आणि सेफ्टी फॅक्टर 3.12 दाखवतं. न कापलेला कोळसा आपण कागदावर पिलरला चिकटवलेला असतो!

आता तोच पिलर खाणीत जाऊन टेपने मोजा. दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मीटर कोळसा सुटलाय, फ्लोअर कापून उंची 3.6 झालीय. म्हणजे रुंदी 19.7, गॅलरी 5.8. सेफ्टी फॅक्टर 1.82 वर येतो. दीर्घकाळ उभ्या राहायच्या पिलरसाठी साधारण 2 पाहतात, म्हणून प्लॅनवरचा नव्हे, मोजलेला आकडा भरा.

अमेरिकेचं एआरएमपीएस हे पिलर डिझाइनचं सॉफ्टवेअर वापरताना आणखी जपा. तिथे फूट आणि पीएसआय चालतात, आणि कोळशाची मूळ धरलेली ताकद 900 पीएसआय, म्हणजे सुमारे 6.2 मेगापास्कल, ही सीममधल्या, म्हणजे जमिनीतल्या थरातल्या, कोळशाची आहे. तिथे प्रयोगशाळेतला 25 चा आकडा घातला तर पिलर चौपट ताकदवान दिसतो.

वरचं भाराचं सूत्र डेव्हलपमेंटपुरतंच, म्हणजे गॅलऱ्या खणून पिलर उभे राहेपर्यंतच. डिपिलरिंग (पिलरमधला कोळसा काढणं) सुरू झालं की गोफवरचा, म्हणजे कोळसा काढून रिकाम्या झालेल्या भागावरचा, भार कडेच्या पिलरवर चढतो. तेव्हा लामॉडेलसारखं संगणकीय साधन लागतं, आणि त्यात आधी आपल्याच खाणीतला चिरडलेला एखादा पिलर चिरडून दिसेपर्यंत आकडे जुळवून घ्यावे लागतात.