शहापूर-मुरबाडचं आर्ट्स कॉलेज बघायला कसं जावं?

बारावीनंतर आर्ट्स घ्यायचं ठरलं की ठाण्या-नवी मुंबईतली मुलं मुंबईच्या दिशेची कॉलेजं बघतात. माझा आग्रह आहे की एक दिवस उलट दिशेलाही जा. शहापूरचं सोनुभाऊ बसवंत महाविद्यालय किंवा मुरबाडजवळ शिवळ्याचं शांतारामभाऊ घोलप महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात आहे. प्रवेश घ्या किंवा नका घेऊ, पण न बघताच यादीतून नाव खोडू नका.

आधी दिवस ठरवा. निकालानंतर गेलात तर फॉर्मची रांग दिसेल, भरलेला वर्ग दिसणार नाही. ऑगस्ट-सप्टेंबर किंवा जानेवारीतला साधा कामाचा दिवस निवडा. गॅदरिंग आणि परीक्षा टाळा. ऑफिसात फोन करून ‘प्रवेशाआधी कॉलेज बघायचं आहे, एखाद्या तासाला बसता येईल का?’ असं सरळ विचारा. नॅकची, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची, ग्रेड आणि तिची मुदत घरीच बघून घ्या.

शहापूरला जायचं तर ठाण्याहून आसनगाव किंवा कसारा लोकलने आसनगावला उतरा, पुढे शेअर रिक्षा. वाशी-नेरूळकडच्यांनी ट्रान्सहार्बरने ठाण्याला येऊन गाडी बदलावी. मुरबाडला रेल्वे नाही, कल्याणहून एसटी. महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे. प्रवेश घेतल्यावर रोज जी गाडी पकडावी लागेल, तीच त्या दिवशी पकडा. सकाळी त्या बाजूला गर्दी कमी असते, पण कल्याणपुढे गाड्याही कमी. एक चुकली की पहिला तास गेलाच म्हणून समजा.

कॉलेजात शिरल्यावर आधी नोटीस बोर्डासमोर उभे राहा आणि वेळापत्रक वाचा. तुमच्या विषयापुढे कुणाची आद्याक्षरं आहेत, ते शिक्षक पूर्णवेळ आहेत की तासिका तत्त्वावर (सीएचबी), म्हणजे तासाच्या मानधनावर, हे विभागात विचारा. सीएचबीवरचे शिक्षक कमी पडतात असं अजिबात नाही. कित्येक जण जीव ओतून शिकवतात. पण पुढच्या वर्षी तेच असतील याची खात्री नसते, आणि तीन वर्षं एखाद्या विषयाला वाहून घ्यायची तर हे माहीत हवं.

यापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न मेजर-मायनरचा, म्हणजे मुख्य आणि दुय्यम विषयाचा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार एका सत्रात 20 ते 22 क्रेडिट (अभ्यासाच्या भाराचे गुणांक) असतात आणि मेजरसोबत मायनर, ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतले ऐच्छिक विषय) हेही घ्यावे लागतात. कागदावर विषयांची यादी लांबलचक असते. लहान कॉलेजात मात्र पुरेशी मुलं जमली नाहीत तर विषय सुरूच होत नाही. म्हणून ‘कोणते विषय आहेत?’ एवढ्यावर थांबू नका, ‘यंदा कोणते प्रत्यक्ष चालू आहेत आणि वर्गात किती मुलं बसतात?’ असं विचारा. वीस-पंचवीस मुलांचा वर्ग असेल तर ती मोठी जमेची बाजू. सरांना तुमचं नाव माहीत असतं, तुमचा निबंध खरंच वाचला जातो.

मग लायब्ररी. तुमच्या विषयाची चार-पाच पुस्तकं काढून आतली तारखांची चिठ्ठी बघा. शेवटचा शिक्का गेल्या महिन्यातला असेल तर पुस्तकं फिरतायत. सहा वर्षांपूर्वीचा असेल तर कपाट नुसतं भरलेलं आहे. लायब्ररीचं काम कॉम्प्युटरवर चालत असेल तर हेच ग्रंथपालांना विचारा.

दुपारी कॅन्टीनमध्ये सेकंड इयर-थर्ड इयरच्या मुलांशी बोला, शक्यतो शिक्षक आसपास नसताना. तास नियमित होतात का? एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) सात दिवसांचं शिबिर कुठल्या गावात झालं? मुलींनी स्वच्छतागृह स्वतः जाऊन बघावं, पाणी आहे का तेही.

आणि परिसर बघायला विसरू नका, कारण या कॉलेजांचं खरं बळ तिथे आहे. इतिहास घेणाऱ्याला माहुली किल्ला आणि नाणेघाटातले सातवाहनकालीन शिलालेख हाताशी. भूगोल, समाजशास्त्र, अर्थशास्त्र घेणाऱ्याला तर अख्खा तालुका अभ्यासाला आहे: भातसा धरणाचं पाणी मुंबई-ठाण्याला येतं आणि त्याच शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. विभागाने मुलांना अशा ठिकाणी कधी नेलंय का, कुणी प्रकल्प केलाय का, विचारा. अहवाल दाखवला तर दहा मिनिटं बसून वाचा.

परतीची एसटी किंवा लोकल कॉलेज सुटण्याच्या वेळेचीच घ्या. घरी पोचायला किती वाजतात ते आईबाबांना त्याच दिवशी कळू द्या. पसंत पडलं तर निकालानंतर मुंबई विद्यापीठाची प्रवेशपूर्व ऑनलाइन नोंदणी आधी करा, कॉलेजचा फॉर्म त्यानंतर.