पिल्लाला गड्ड्यात नेऊ नका : वळण लावताना या चुका टाळा

संक्रांत होऊन पंधरा दिवस गेले की मला, कुत्र्यांना वळण लावणाऱ्याला, फोन यायला लागतात. "पिल्लू घाबरट झालंय, पलंगाखालून निघत नाही." मी आधी एवढंच विचारतो, "गड्ड्याला नेलं होतं का?" गड्डा म्हणजे आपल्या सोलापूरची संक्रांतीतली सिद्धेश्वराची जत्रा. बहुतेक वेळा उत्तर "हो" असतं.

माणसांची सवय लावायची म्हणजे गर्दीत घेऊन जायचं, हा समज पिल्लांचं सगळ्यात जास्त वाटोळं करतो. जुळे सोलापुरातल्या एका घरातलं चार महिन्यांचं लॅब्रॅडॉर मी विसरू शकत नाही. त्याला होम मैदानावर नेलं. पिपाण्या, पाळण्यांची घरघर, चहूकडे माणसांचे पाय, त्यात शोभेच्या दारूकामाचा पहिला बार उडाला. पिल्लानं मान मागं ओढून पट्ट्यातून डोकं काढलं आणि ते पळालं. रात्री दीडला एका रसवंतीच्या गाड्याखाली सापडलं, पण बाहेर येईना, म्हणून मला बोलावलं. वाकून बघितलं तर चारही पाय पोटाखाली, नखं मातीत रुतलेली, ओठाच्या कडेला लाळ वाळलेली. चिकनचा तुकडा नाकाशी धरला, त्यानं हुंगलासुद्धा नाही. मालक म्हणाले, "भीती मोडावी म्हणून नेलं की ओ."

भीती मोडली नाही, अंगात मुरली. कुकरची शिट्टी झाली तरी ते जागेवर मुतायला लागलं.

सावरायला पाच महिने गेले. पार आतल्या खोलीत स्टीलच्या ताटलीवर चमचा हळूच वाजवायचा आणि लगेच चिकनचा दाणा द्यायचा. आवाज आधी, खाऊ नंतर, हा क्रम मी कधी उलटा करत नाही. पिल्लू खातंय तोवर ठीक. खायचं थांबलं, ओठ चाटायला लागलं, ऊन नसताना धापा टाकायला लागलं की आपण फार जवळ आलो. लगेच मागं सरायचं. मालकांना वाटायचं, आज ताटली तर उद्या ढोल का नाही? ही घाई मला सहन होत नाही.

याच्या उलट टोकाची माणसंही आहेत : लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लू घरात कोंडायचं. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं मन नवीन गोष्ट सहज आपलीशी करतं. हे दिवस चार भिंतींत घालवले की पुढं फार मेहनत पडते. पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या उलट्या-जुलाबाच्या रोगाची, भीती खरी आहे, म्हणून जमिनीवर सोडू नका, कडेवर घ्या. मी सात रस्ता चौकापासून जरा लांब एखाद्या कट्ट्यावर पिल्लू मांडीवर घेऊन दहा मिनिटं बसतो. रिक्षा, शाळेची पोरं, हेल्मेटवाला, छत्रीवाली बाई, सगळं त्याला लांबून बघू देतो. कुणाला हात लावू देत नाही. लसीचं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि चुकवू नका.

दुसरी चूक खास आपल्या सोलापूरची. पूर्व भागातल्या एका घरात पिल्लू कुणाचंच ऐकत नाही म्हणून गेलो. आजी तेलुगूत म्हणाल्या, "कूर्चो." अक्कलकोटकडची सून कन्नडमध्ये म्हणाली, "कूत्को." नातू ओरडला, "बस बे!" पिल्लू तिघांच्या तोंडाकडं बघत उभंच. बोलवायचं तर एकाचं "रा", दुसरीचं "बा", तिसऱ्याचं "ये". त्या जिवानं काय समजायचं? भाषा कोणतीही चालेल, पण घरात शब्द एकच हवा. मी स्वतः "बस" टाळतो, कारण भुंकायला लागलं की आपण "बस, बस" म्हणूनच दटावतो. मी "बैठ" वापरतो. त्या घरात खडूनं स्वयंपाकघराच्या दारावर तीन शब्द लिहून दिले आणि शब्द एकदाच उच्चारायची अट घातली. पाचदा म्हटलं की पाचव्यांदाच ऐकायचं, हे पिल्लू आपल्याकडूनच शिकतं. आठवड्याभरात आजींच्या एका शब्दावर ते बसायला लागलं.

घरात मुतलं म्हणून नाक घासू नका. ते फक्त तुम्हाला घाबरायला शिकतं. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच बाहेर न्या. हातानं चावाचावी खेळू नका. दात लागला की खेळ तिथंच थांबवा. काटेरी पट्टा आणि "आठ दिवसांत ट्रेन करून देतो" म्हणणारा माणूस, दोन्ही दारातूनच परत पाठवा.

एप्रिल-मे महिन्यांत दुपारी फिरवू नका. तळहाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही. बक्षीस म्हणून लसणाची शेंगा चटणी लावलेली भाकरी, द्राक्षं, बेदाणे कधीच देऊ नका. उकडलेल्या चिकनचा, बिनमिठाचा, हरभऱ्याएवढा तुकडा पुरतो.

आणि हाक मारून जवळ बोलावल्यावर रागावू नका. चप्पल फाडली असली तरी ते तुमच्या हाकेला आलंय. खाऊ द्या, पाठ थोपटा, आणि चप्पल कपाटात ठेवा.