घरात पोरंबाळं आहेत आणि मोठं, गरीब कुत्रं हवंय? निवड अशी करा

सांगली-साताऱ्याकडे कुत्रं पाळायचं ठरलं की घरातून दोन मागण्या एकदमच येतात. बंगल्याला शोभेल असं दांडगं हवं आणि पोरांनी शेपूट ओढली तरी अंगावर न येणारं हवं. दोन्ही गोष्टी एका कुत्र्यात मिळतात, अगदी नक्की मिळतात. पण जातींचे फोटो बघत बसायच्या आधी घरच्यांनी एकत्र बसून थोडं बोलून घ्यावं. माझ्या पाहण्यात जी कुत्री वर्षा-दोन वर्षांत दारोदार झाली, ती बहुतेक स्वभावानं चांगलीच होती. त्यांना न पेलणाऱ्या घरात आली होती.

पहिली पायरी: पट्टा कोणाच्या हातात राहणार ते ठरवा

पूर्ण वाढलेला लॅब्राडोर नर ३० ते ३६ किलोचा असतो. रस्त्यावर दुसरं कुत्रं दिसलं आणि यानं प्रेमानंच ओढ घेतली, तरी सत्तरीच्या आजोबांचा तोल जाणार. म्हणून सकाळी कोण नेणार आणि संध्याकाळी कोण, ही दोन नावं आधी ठरवा. ‘सगळे मिळून बघू’ असं उत्तर आलं तर ते काम घरातल्या बाईवर पडणार हे समजून चला आणि तिला स्पष्ट विचारा. तिची तयारी नसेल तर कुत्रं आणू नका.

खर्चाचा हिशोबही याच बैठकीत करा. लॅबसारख्या कुत्र्याला दिवसाला साधारण ३०० ते ४०० ग्रॅम कोरडं खाद्य लागतं, ग्रेट डेनला त्याच्या दुप्पट. औषधं वजनावर ठरतात. त्यामुळे जंताच्या गोळीपासून भुलीपर्यंत मोठ्या कुत्र्याचं सगळंच महाग पडतं.

सांगलीच्या गावभागात किंवा नदीकाठच्या सखल वस्तीत राहत असाल तर आणखी एक विचार करा. २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णेचं पाणी घरात शिरलेलं आपण पाहिलं आहे. साठ-सत्तर किलोचं घाबरलेलं जनावर जिन्यावरून उतरवून बोटीत घ्यायचं म्हणजे दोन धडधाकट माणसं लागतात. अशा घरानं तीस किलोच्या वर जाऊच नये, असं माझं मत आहे.

दुसरी पायरी: आपल्या उन्हाळ्याला झेपेल तेच आणा

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तोंड उघडून धापा टाकणं हाच त्याचा गार होण्याचा मुख्य मार्ग. अंगावर दुहेरी केस (वर राठ, आत मऊ असे दोन थर), खाली चरबी आणि बाहेर एप्रिल-मेचं चाळिशीचं ऊन असलं की तो मार्ग अपुरा पडतो. उष्माघात झाला तर कुत्रं काही तासांत दगावू शकतं.

म्हणून ‘मोठं आणि प्रेमळ’ म्हटल्यावर सगळ्यात आधी सुचवलं जाणारं सेंट बर्नार्ड मी सांगलीत, फलटणला, माण-खटावात कोणालाही घेऊ देणार नाही. ही जात स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवरच्या बर्फाळ खिंडीतल्या मठात तयार झाली. ती खिंड सुमारे २,४७० मीटर उंचीवर आहे. आपलं महाबळेश्वर १,३७० मीटरच्या आसपास. न्यूफाउंडलंड आणि बर्नीज माउंटन डॉग यांचंही तेच. स्वभावानं तिन्ही देवमाणसं, पण आपल्याकडे त्यांचा निम्मा जन्म एसीच्या खोलीत जातो. सायबेरियन हस्की दिसायला कितीही देखणा असला तरी त्यालाही हाच नियम लावा. वाई-पाचगणीकडे हवा बरी असते हे खरं, पण तिथला पाऊस लांब केसांच्या कुत्र्याला वाळू देत नाही आणि कातडीचे, कानाचे आजार मागे लागतात.

केस भादरले की कुत्रं गार राहतं, असा समज आहे. दुहेरी केसांच्या जातीत तसं करू नका. वरचे केस उन्हापासून कातडीचं रक्षण करतात. रोज विंचरून आतले गळालेले केस काढले की पुरतं.

तिसरी पायरी: चार जातींपुरताच विचार करा

यादी लांबवण्यात अर्थ नाही. आपल्या हवेत, पोरांच्या घरात चालतील अशा मोठ्या जाती मोजक्याच आहेत.

पहिलं कुत्रं पाळणाऱ्या घरासाठी माझं उत्तर लॅब्राडोर. आखूड केस, माणसांचं वेड, शिकवायला सोपा, आणि आपल्या भागातल्या जवळपास प्रत्येक जनावरांच्या डॉक्टरांच्या हाताखालून गेलेली जात. त्याची खोड एकच: खाणं. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवून दिलं की बऱ्याच लॅबमध्ये एका जनुकातला तुकडाच गहाळ असतो आणि अशा कुत्र्यांची भूक जास्त असते. तेव्हा तो केविलवाणं तोंड करून ताटाजवळ बसला तरी त्याला भाकरीचा तुकडा द्यायचा नाही, हे घरातल्या प्रत्येकानं पाळायला हवं. जाड झालेल्या लॅबचे खुबे आणि कोपर आधी जातात.

गोल्डन रिट्रीव्हर त्याहून मवाळ. स्कॉटलंडमध्ये पाण्यातून शिकार उचलून आणायला तयार झालेली ही जात तोंडात वस्तू अगदी अलगद धरते. पण केस लांब. रोज पंधरा मिनिटं विंचरणारा माणूस घरात असेल आणि कुत्रं आत, पंख्याखाली राहणार असेल तरच घ्या. या जातीत कर्करोगाचं प्रमाण जास्त आहे, तेही मनाशी धरून ठेवा.

ग्रेट डेन खांद्याला ७५-८० सेंटिमीटर भरतो आणि बहुधा मेंढरासारखा गरीब असतो. केस आखूड, पण आयुष्य ७ ते १० वर्षांचं. पाचवीतल्या पोरासाठी आणलेला डेन त्या पोराच्या कॉलेजच्या वयात जातो. त्याची छाती खोल असल्यानं पोट फुगून पीळ बसण्याचा धोका असतो. दिवसाचं खाणं दोन-तीन वेळांत विभागून द्यायचं आणि खाल्ल्यावर तासभर तरी पळवायचं नाही. पोट टमटमीत दिसतंय, ओकारी काढतोय पण बाहेर काही पडत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट न बघता त्याच क्षणी डॉक्टरांकडे न्यायचं.

चौथं आपलं मुधोळ, ज्याला आपल्याकडे कारवान म्हणूनही ओळखतात. शिकारीच्या कुत्र्यांचं प्रेम या मातीत जुनं आहे. साताऱ्याजवळ संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. त्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं, असं सांगतात. मुधोळ गाव कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात, घोरपड्यांच्या जुन्या संस्थानातलं. २००५ साली या कुत्र्यावर टपाल तिकीट निघालं. उंची ७० सेंटिमीटरच्या घरात, वजन मात्र २० ते २८ किलो, आणि आपल्या उन्हाशी त्याची जन्माची ओळख. घरच्यांशी शांत, परक्यांपासून जरा लांब. अंगाशी झोंबाझोंबी केलेली त्याला खपत नाही, म्हणून लहान पोरांच्या घरात मी ते दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. दहा-बारा वर्षांच्या पोरांबरोबर छान जमतं. पळणारं काही दिसलं की मागे धावणं त्याच्या रक्तात आहे. शेजाऱ्याच्या कोंबड्या, शेळीची करडं यांचा विचार करूनच मोकळं सोडा. सशामागे तर मुळीच सोडू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार गुन्हा आहे.

घरात वयस्कर माणसंच जास्त असतील तर पिल्लाऐवजी तीन-चार वर्षांचं, कोणी सोडून दिलेलं लॅब शोधा. स्वभाव कसा आहे ते समोर दिसतं आणि चपला कुरतडण्याचे दिवसही सरलेले असतात.

चौथी पायरी: पिल्लाच्या आधी त्याची आई बघा

या पायरीवर घाई करू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो बघून आगाऊ पैसे पाठवायचे नाहीत, आणि रस्त्याकडेला टोपलीत मांडलेली पिल्लं कळवळा येऊन उचलायची नाहीत. पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला आठवडाभर जातो. म्हणून पिल्लू घेताना टुणटुणीत असतं आणि घरी आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी रक्ताची हगवण सुरू होते.

जिथे पिल्लं जन्मली तिथे स्वतः जा आणि आई दाखवायला सांगा. ‘ती शेतावर आहे’, ‘ती अंगावर येते, बांधून ठेवलीय’ असं ऐकलं की परत फिरा. पिल्लाचं भित्रेपण बरंचसं आईकडून येतं, थोडं रक्तातून आणि थोडं तिच्याकडे बघून. चांगली मादी अनोळखी माणूस आला की उठते, वास घेते, मालकाकडे एकदा बघते आणि पुन्हा आडवी होते. पिल्लांना हात लावला तर लक्ष ठेवते, पण दात दाखवत नाही. अशी आई दिसली की निम्मं काम झालं.

मग पिल्लांमध्ये खाली बसा आणि काही करू नका. एक येऊन चावे घेत अंगावर चढेल, एक कोपऱ्यात अंग चोरून बसेल. पोरांच्या घरासाठी या दोघांच्या मधलं निवडा. किल्ल्यांचा जुडगा जरा लांब जमिनीवर टाका. दचकून मागे सरलेलं आणि मग चार पावलं टाकून किल्ल्या हुंगायला आलेलं पिल्लू मला हवं असतं. उचलून घेतल्यावर थोडं वळवळून मग सैल पडतं का तेही बघा. डोळ्यांत चिपडं, फुगलेलं पोट, कानामागे गोचीड दिसले तर थांबा.

२०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नोंदणी, लसीचं कार्ड आणि आई-बापाच्या खुब्यांचा एक्स-रे काढला असल्यास तो, हे तिन्ही मागा. विचारल्यावर चिडणाऱ्याकडून पिल्लू घेऊ नका.

पाचवी पायरी: आणल्यावरचे पहिले महिने

दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. अवघड दुखण्यात त्याचा आधार वाटतो. पार्वो आणि डिस्टेंपर (हाही विषाणूचाच आजार) यांच्या लसीचे डोस, तीन महिन्यांच्या सुमारास रेबीज, आणि उसाच्या, पुराच्या पट्ट्यात लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची लस डॉक्टरांना आठवणीनं विचारा. गोचिडांचं औषध वर्षभर चालू ठेवायचं.

मोठ्या जातीचं पिल्लू भराभर गुबगुबीत करू नका. कॅल्शियमचं टॉनिक आपल्या मनानं द्यायचं नाही, त्यानं हाडं वेडीवाकडी होतात. गुळगुळीत फरशीवर पाय फाकत असतील तर जुनी वाकळ किंवा पोतं पसरा.

खाण्यात सांगलीकरांनी एक गोष्ट फार जपायची: द्राक्षं आणि बेदाणे. तासगावच्या पाहुण्यांकडून आलेला बेदाणा आपल्या घरात वाटीत उघडाच असतो आणि पोरं प्रेमानं कुत्र्याला भरवतात. मूठभर बेदाण्यानंही कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, आणि किती खाल्ले तर बाधेल याचा नेमका हिशोब नाही. खाल्लेलं कळलं की लक्षणांची वाट न बघता डॉक्टर गाठा. कांदा, लसूण आणि चॉकलेटही वर्ज्य.

तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत पिल्लाला जे भेटतं ते त्याला पुढे परकं वाटत नाही. कुकरची शिट्टी, ट्रॅक्टर, गणपतीतला ताशा लांबून, टोपीवाले आजोबा, रांगणारं बाळ, सगळं हळूहळू दाखवा. लसी पुऱ्या व्हायच्या असतील तर कडेवर घेऊन दाखवा.

आता पोरांची शिकवणी. जेवत्या कुत्र्याजवळ जायचं नाही, झोपलेल्याला हात लावून उठवायचं नाही, गळ्यात पडायचं नाही. पाच-सहा वर्षांखालचं मूल आणि कुत्रं, जात कुठलीही असो, एका खोलीत एकटी सोडायची नाहीत. कुत्रं तोंड फिरवतं, ओठ चाटतं, डोळ्याचा पांढरा भाग दाखवतं किंवा एकदम ताठ होतं, तेव्हा त्याला नको झालेलं असतं. त्या वेळी पोराला बाजूला घ्या. आणि गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला कधीही मारू नका. मार खाऊन ज्यानं गुरगुरणं सोडलं, ते पुढच्या वेळी सरळ चावतं.