पुरुषाने आपल्या छातीचा धोका कसा ताडावा

आधी वही घ्या, छातीला हात नंतर. चौसष्टाव्या वर्षी माझ्या डाव्या स्तनाग्रामागे वाटाण्याएवढी गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून मी दोष बॅगेच्या पट्ट्याला दिला. स्तनाच्या १०० कॅन्सरांत जेमतेम एक पुरुषाचा. संशय येणार कुठून?

वहीत आईकडचे आणि वडिलांकडचे, दोन्ही नातेवाईक लिहा. माझी गफलत इथेच झाली. आत्याला स्तनाचा कॅन्सर होता, तिच्या मुलीला बीजांडकोशाचा. ‘बायकांचे आजार’ म्हणून ती नावं मी स्वतःशी कधी जोडलीच नाहीत. पण या दोन्ही कॅन्सरांचा धोका वाढवणारा, बीआरसीए-२ या जनुकातला बिघाड बापाकडूनही येतो आणि प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. माझ्या वडिलांना काहीच झालं नाही. बिघाड मात्र त्यांनी माझ्या हवाली केला. असा बिघाड असलेल्या १०० पुरुषांपैकी साधारण ७ जणांना आयुष्यात कधीतरी हा कॅन्सर होतो. एरवी हजारी एखादा. प्रोस्टेटचे आणि स्वादुपिंडाचे कॅन्सरही लिहा, त्यांचाही या जनुकाशी संबंध आहे. प्रत्येकापुढे आजार झाला तेव्हाचं वय हवंच.

मग स्वतःचं पान. इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक पुरुषातही असतं, आणि ते वाढलं किंवा टेस्टोस्टेरॉन हे पुरुषसंप्रेरक घटलं की पारडं कॅन्सरकडे झुकतं. चरबी टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करते, म्हणून लठ्ठपणा लिहा. यकृत इस्ट्रोजेनचा निचरा करतं, म्हणून सिरॉसिस, म्हणजे यकृत कडक होऊन निकामी होत जाणं, तेही लिहा. लहानपणी खाली न उतरलेलं वृषण, गालगुंडात सुजलेलं वृषण, जन्मतः एक एक्स गुणसूत्र जास्त असलेला क्लाइनफेल्टर सिंड्रोम, हेही त्याच पानावर. पूर्वी छातीला रेडिएशन दिलं असेल तर तेही.

आता हात. महिन्यातून एकदा, अंघोळीत, साबण लावलेल्या बोटांच्या पेरांनी स्तनाग्राभोवती, त्याच्या मागे आणि काखेत चाचपा. दोन्हीकडची रबरासारखी, हुळहुळणारी वाढ बहुधा साधी निघते, तरी दाखवा. एकाच बाजूची कडक गाठ, आत ओढलेलं स्तनाग्र, रक्ताळ स्राव, न भरणारी जखम यांपैकी काही दिसलं तर त्याच आठवड्यात जा.

मला पहिल्या डॉक्टरांनी मलम दिलं. मी ते तीन महिने इमानेइतबारे चोळलं! तुम्ही वही पुढे करा आणि मॅमोग्राफी, सोनोग्राफी, गरज पडल्यास सुईने बायॉप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणी, असं थेट विचारा. मॅमोग्राफीच्या रांगेत मी एकटाच पुरुष होतो. आतून विचारणा झाली, “पेशंट कुठे आहेत?” मी शर्टाचं वरचं बटण काढलं.

निदान झाल्यावर जनुकचाचणी करून घ्या. बिघाड सापडला तर घरातल्या बाकीच्यांना नेमकी तीच चाचणी करता येते. माझा सापडला तेव्हा वही मुलीला दिली. तिने आत्याच्या नावाखाली माझं नाव लिहिलं, पुढे वय ६४, आणि चाचणीची तारीख कधीची मिळते ते विचारायला फोन उचलला.